मुकी चूल

आमच्या गावकीबद्दल चांगलं बोलणारी माणसं मला आयुष्यात बरीच भेटली, आणि त्यांतलं एकही कधी गावकीत राहिलेलं नव्हतं. जे राहिले ते एकतर गप्प बसतात किंवा अजून पंच आहेत. मी पंच होण्याचा प्रश्नच नव्हता, आणि गप्प बसायचा मला आता कंटाळा आला आहे. चाळिशी ओलांडली, मुलगी कॉलेजात गेली, रोडपालीच्या फ्लॅटचे हप्ते फिटले. आता त्या एका वर्षाबद्दल लिहायला हरकत नाही.

पनवेलच्या खाडीच्या कडेनं, उलव्याच्या बाजूला, आमचे चार पाडे होते: खालपाडा, मधलापाडा, टेकपाडा आणि बेटपाडा. सगळे कोळी, सगळे एकमेकांचे सोयरे, आणि सगळ्यांना एकमेकांची भांडणं पाठ. प्रत्येक पाड्याचा आपला पंच आणि चारी पाड्यांची मिळून एक गावकी. ग्रामपंचायत वेगळी. तिचं ऑफिस रस्त्यापलीकडे, तिथे माणसं दाखल्यापुरती जात. खरा कारभार गावकीचा. खाडीच्या तोंडाला सामाईक जाळं कधी लावायचं, कुणाची होडी कुठे बांधायची, कुणाच्या घरचं लग्न आधी आणि कुणाचं नंतर, मेलेल्याला खांदा कुणी द्यायचा, हे सगळं गावकी ठरवी. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरतीला जोर नसतो आणि होड्या किनाऱ्यावरच असतात तेव्हा, सकाळी देवीच्या आंगणात बैठक भरे. पुरुष आंगणात, बायका मागे भिंतीला टेकून. बायकांनी ऐकायचं, आणि बैठक उठली की आंगण झाडायचं.

या राज्यात मोजण्याचं माप माणूस नव्हता, चूल होती. एक चूल, एक मत. चुलीच्या वतीनं घरचा कर्ता पुरुष बोलायचा. आणि निर्णय व्हायचा तो एकमतानंच. चारी पंच एकामागून एक ‘एकमत’ म्हणाले की झालं. पण देवीच्या आंगणात एका जरी चुलीनं ‘नाय’ म्हटलं तर सगळ्यांनी तिथल्या तिथे उठायचं, घरी जायचं, आणि पुढच्या भांगाला पुन्हा बसायचं. ऐकायला फार सुंदर लागतं. मला मोजायची खोड लहानपणापासून आहे, म्हणून मी मोजलं. खालपाड्यात अडतीस चुली, मधल्यात एकोणतीस, टेकपाड्यात एकोणीस, बेटावर पंधरा. एकूण एकशे एक. दामूनाना, म्हणजे खालपाड्याचा पंच आणि चौघांतला थोरला, हा आकडा छाती फुगवून सांगायचा. पण सकाळी टेकावर उभं राहून धूर मोजले तर ते एकशे एक भरत नसत, एकशे बारा भरत. वरच्या अकरा चुली विधवांच्या होत्या. जिच्या घरात वयात आलेला मुलगा नाही ती मुकी चूल. देवीच्या जेवणाला तांदूळ निवडायचे असले, आंगण सारवायचं असलं, की मुक्या चुली बरोबर मोजल्या जात. मताच्या वेळी त्या गळत.

आमची चूल त्या अकरांतली. बाप मी पाचवीत असताना काविळीनं गेला. भाऊ नाही. मुलगा वयात आला की मुकी चूल बोलू लागते, हा दिलासा बाकीच्यांना तरी होता. आमच्या घरात मी एकटी, आणि मी लग्न करून जाणार. म्हणजे आमची चूल कायमची मुकी. दामूनाना आईचा चुलत दीर. तो एकदा ओट्यावर बसून, आमच्याच घरची तळलेली निवटी खात हे तिला समजावून सांगत होता. “तुजं काय आडलंय, आनंदी? आमी हाव ना बोलाया.” आई म्हणाली, “तुमी खावा, नाना. काटा जपून.”

आई जवळ्याचा धंदा करायची. पहाटे होडीवरून ओला जवळा घ्यायचा, पाटीत धुवायचा आणि खळ्यावर पसरायचा. खळं म्हणजे खालपाड्याच्या पाठी, भरतीच्या पाण्याच्या वर असलेली सपाट मोकळी जागा. चारी पाड्यांची सामाईक. दिवाळीनंतर बायका ती शेणानं सारवायच्या, आणि मग पावसाळ्यापर्यंत तिथे जवळा, बोंबील, मांदेली. जवळा पसरायलाही हात लागतो. जाड पडला तर खालून कुजतो, पातळ पडला तर वाऱ्यानं जातो. आई खराट्यानं तो असा ओढायची की लांबून गुलाबी लुगडं वाळत घातल्यासारखं दिसावं. दुपारी एकदा परतायचा, कावळे हाकलायचे, संध्याकाळी गोळा करायचा. रात्री आमच्याकडे तोच जवळा कांदा आणि आमसूल घालून, तांदळाच्या भाकरीबरोबर. उलव्याला तेव्हा इमारतींचे खांब ठोकणं चालू होतं. दिवसभर तो धप्प धप्प आवाज यायचा, आणि डोंगरात सुरुंग उडाला की आमच्या फळीवरची जर्मनची भांडी थरथरायची. आई खराटा थांबवायची नाही. मी कॉमर्स घेऊन बारावी झाले होते, पनवेलच्या कॉलेजात पुढे शिकत होते, आणि अंगाला जवळ्याचा वास येतो म्हणून बाकाच्या टोकाला बसत होते.

त्याच वर्षी पुण्याहून एक संशोधक बाई आल्या. सुती साडी, मोठं कुंकू, पाण्याची स्वतःची बाटली. त्यांना आमची गावकी फार आवडली. “एकमतानं चालणारी स्वशासनाची ही किती जुनी परंपरा आहे!” असं त्या मलाच म्हणाल्या, कारण त्यांच्याशी बोलण्यासारखं मराठी मला येतं असं दामूनानानं ठरवलं होतं. त्यांनी सांगितलं की अमेरिकेत वाशो नावाचे लोक आहेत, एका मोठ्या तळ्याच्या मुलखातले. तळं हातचं गेलं, पण त्यांच्याही अशाच चार वस्त्या आहेत, प्रत्येक वस्तीची आपली पंचायत आणि सगळ्यांची मिळून वरची एक. “अगदी तुमच्यासारखंच,” त्या म्हणाल्या. मी विचारलं, “तिथे विधवांना मोजतात का?” बाई हसल्या आणि म्हणाल्या, “असे प्रश्न पडायला हवेत.” उत्तर त्यांना माहीत नव्हतं. पुढे इंटरनेट हाताशी आल्यावर मी शोधलं. ते लोक मतदान करून माणसं निवडतात, आणि त्यांच्यात बायकाही मुख्य झालेल्या आहेत. म्हणजे अगदी आमच्यासारखंच नव्हतं. बाई दुपारी दामूनानाकडे चिंबोऱ्यांचं कालवण जेवून गेल्या. देवीच्या आंगणात त्या एका बैठकीला बसल्या होत्या. त्या दिवशीचा विषय होता बेटपाड्याच्या बोकडानं कुणाचं जाळं खाल्लं हा, आणि त्यावर एकमत झालं.

मग हॉल आला. निवडणूक जवळ आली होती, आणि एका पुढाऱ्यानं गावकीला शब्द दिला की तुम्ही जागा द्या, मी समाजाचं सभागृह बांधून देतो. वरती स्लॅब, आत पंखे, दारावर कोनशिला. चारी पंच हरखले. पिढ्यानपिढ्या गावकी आंगणात भुईवर बसली, आता खुर्चीवर बसणार. त्या हॉलात बसून नक्की कोणता कारभार करायचा होता हे मला अजून कळलेलं नाही, कारण तोवर निम्मी पोरं बेलापूर-वाशीला कंपनीत जाऊ लागली होती आणि खाडीत मासळीपेक्षा भराव जास्त येत होता. जागा मात्र एकच होती. सपाट, पाण्याच्या वर, कुणाच्याच नावाची नसलेली. खळं.

बैठकीला आई मागे भिंतीशी बसली होती, मी तिच्या बाजूला. दामूनानानं हॉलचं वर्णन केलं, पंख्यांसकट. मधल्यापाड्याच्या पंचानं विचारलं, “बायका सुकत कुठं घालतील?” दामूनाना म्हणाला, “बायकांना काय, त्या कुठंबी घालतात.” लोक हसले. मग विचारणा सुरू झाली. खालपाडा, एकमत. मधलापाडा, एकमत. टेकपाड्याचा पंच कमळाजी जरा रेंगाळला, पण त्यानंही म्हटलं. बेटपाडा, एकमत. आणि मागून आई म्हणाली, “नाय.”

आरडाओरडा नव्हता. जवळा घेणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणावं तसं म्हणाली.

“कोन बोलला?” दामूनानानं पुरुषांकडे बघून विचारलं.

“मी बोलली, नाना.”

“मुकी चूल बोलाया लागली!” कुणीतरी पुढून म्हणालं, आणि पुन्हा हसणं.

“हॉलात जवला सुकत नाय,” आई म्हणाली. “आनि मना दुसरा धंदा येत नाय. म्हनून नाय.”

दामूनानानं तिला खाली बस म्हणून हात केला. ती बसलेलीच होती. पण देवीच्या आंगणात ‘नाय’ ऐकू आलं होतं. ते मोजलेल्या चुलीचं होतं की नव्हतं यावर पुढे बसलेल्यांत कुजबूज झाली, आणि म्हातारे देवीला भ्यायचे. ते एकेक करून उठले. बैठक मोडली. घरी येताना आमच्या शेजारची येसूकाकी आईच्या मागे मागे येत म्हणत होती, “कंला बोललीस गो? गप र्‍हायली असतीस तर काय बिगडलं असतं?” आई म्हणाली, “खलं बिगडलं असतं.”

त्यानंतर चार पंच दामूनानाच्या पडवीत बसले आणि आम्हाला वाळीत टाकलं. हे आम्हाला त्या वेळी कळलं नाही, आणि न कळण्याचं कारण इतकं आमच्या गावकीला शोभणारं होतं की मी ते आजही चवीनं सांगते. पंचांनी ठरवलं की आत्तापासून या घराशी कुणी बोलायचं नाही, पाणी-विस्तव द्यायचा-घ्यायचा नाही, आणि जो बोलेल तोही वाळीत. ‘आत्तापासून’ हा शब्द दामूनानाचा. त्याला सगळं तडकाफडकी लागायचं. शिक्षा सुरू झाली. मग लक्षात आलं की ती आम्हाला सांगायची राहिली, आणि आता सांगायची कुणी? जो सांगेल तो आमच्याशी बोलला. गावात हाळी देणाऱ्याला पाठवायचं ठरलं, तर तो म्हणाला, “मंग मी बी वालीत. माजी बायको माज्याशी बोलनार नाय.” त्याला कुणीतरी सुचवलं की दारासमोर उभं राहून आभाळाकडे बघून हाळी दे. तो आला, आमच्या कुडाबाहेर उभा राहिला, घसा खाकरला आणि भीतीनं परत गेला. आम्हाला वाटलं सर्दी झाली असेल.

लोक बोलेनासे झाले हे मात्र दिसत होतं. नळावर मी गेले की बायका हंडे अर्धे भरूनच उचलायच्या. मुलं खेळता खेळता आमच्या आंगणात आली की त्यांना नावानं हाक मारून मागे बोलवलं जायचं. होडीवाल्यांनी आईला ओला जवळा देणं थांबवलं. ती टोपली पुढे करायची आणि ते दुसरीकडे बघायचे. अटल सेतू-बितू पुढच्या गोष्टी, तेव्हा आमच्याकडून पलीकडे मुंबईला जायचं तर होडीच. पण होडीतही आम्हाला घेईनात, म्हणून आई तांबड्या बसनं पनवेलला जाऊन दुसऱ्या गावच्या कोळणींकडून सुका माल घेऊन विकू लागली. नफा काय राहणार? मी कॉलेजातून येताना टेकाजवळच्या किराणा दुकानात थांबायचे. दुकानदार बाहेरचा, गावकीचं त्याला बंधन नव्हतं. दिवसभरात आमच्याशी बोलणारा तो एकटा, आणि तो फक्त साखर संपली एवढंच बोलायचा.

शेवटी येसूकाकीनं सांगितलं. आम्हाला नाही, शेळीला. आई ओट्यावर तांदूळ पाखडत होती. पलीकडे काकी कुडाशी शेळी बांधता बांधता मोठ्यानं म्हणाली, “ऐक गो शेले. गावकीनं काय ठरवलंय तुना ठाव हाय? समोरच्या घराला वालीत टाकलंय. कंला, तर ती बैठकीत नाय बोलली. मापी मागायची आसल तर देवीच्या आंगनात नानाच्या पायाशी नारल ठेवायचा आनि हॉलाला हो बोलायचं. समजलं गो शेले?”

शेळीनं काही म्हटलं नाही. आई सूप खाली न ठेवता मला म्हणाली, “त्या शेलीला सांग, नारल होता घरात, पन त्याची चटनी केली.”

काकी कुडापलीकडे तोंडाला पदर लावून हसली. ते मला ऐकू आलं. त्या दिवसांत ऐकलेलं गावातल्या माणसाचं तेवढं एकच हसणं.

इथे जरा थांबून एक सांगते. मी आता चौसष्ट फ्लॅटच्या सोसायटीची खजिनदार आहे. वार्षिक सभेला नऊ जण येतात, त्यांतले तीन चहासाठी. बाकीचे मोबाइलवर अंगठा दाखवतात आणि मग वर्षभर कुरकुरतात. तेव्हा गावकी वाईट आणि शहरातलं सगळं चांगलं असं मी म्हणत नाही. पण सोसायटीत कुणी मला न बोलून उपाशी मारू शकत नाही. पुढे वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा झाला तेव्हा दामूनाना म्हातारा झाला होता. कुणीतरी त्याला पेपर वाचून दाखवला, तर तो म्हणाला, “आमी कुठं कोनाला वालीत टाकतो? आमी फक्त बोलत नाय.”

पुढचा भांग आला, बैठक भरली. आईनं धुतलेलं लुगडं नेसलं. मी म्हटलं, “आये, वाळीत टाकलेल्यानं बैठकीत जायचं नसतं.” ती म्हणाली, “मना कोनी सांगितलंय?” आणि ती गेली. भिंतीशी बसली नाही. पुरुषांमधून चालत पुढे गेली आणि दामूनानाच्या समोर, देवीच्या पायरीजवळ बसली. मी मागे उभी राहून बघत होते. सगळं आंगण अस्वस्थ झालं. तिला ऊठ म्हणायला हवं होतं, आणि ऊठ म्हणणं म्हणजे बोलणं. दामूनानानं पहिल्यांदा घसा खाकरला, मग खांबाकडे बघून म्हणाला, “काय लोकांना लाज नसते.” खांबाशी बोललेलं चालतं. आई खांबाकडे बघून म्हणाली, “नसतेच.”

हॉलचा विषय पुन्हा निघाला. दामूनाना म्हणाला की आता आडकाठी उरली नाही, एकशे एक चुली, एकमत विचारू या. आणि टेकपाड्याचा कमळाजी उठला. आता कमळाजी आईच्या बाजूचा होता असं कुणी समजू नये. त्याला हॉल टेकपाड्यात हवा होता, एवढंच. आईच्या खळ्याशी त्याला काडीचं देणंघेणं नव्हतं.

“नाना, येक सांग,” तो म्हणाला. “मुकी चूल आपन मोजत नाय ना?”

“नाय.”

“मंग जी मोजलीच नाय ती वालीत कशी टाकली? भायेर काढाया पयले आत लागते.”

मी तोवर हिशेबाची चार पुस्तकं शिकले होते, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

“आनि ती आत आसल,” कमळाजी पुढे म्हणाला, “तर तिचं नाय उभं हाय. एकमत कुठं हाय मंग?”

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. वाळीत टाकताना त्यांनी आईला चूल म्हणून मोजलं होतं, आणि हे त्यांच्यातल्या एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. कोपऱ्यात ओरडाआरडा सुरू झाला. कमळाजीला कुणी घरभेद्या म्हणालं, कमळाजीनं त्याच्या आजोबापासूनचं काढलं. मग बेलापूरला कंपनीत जाणारा एक पोरगा, इस्त्रीचा शर्ट आणि गळ्यात ओळखपत्र, रविवारीसुद्धा, उभा राहून म्हणाला, “नाना, एकमत वगैरे आता कुठंच चालत नाय. सगलीकडं मेजॉरिटी असते. हात वर करायचे. मोजायच्या तर सगल्या चुली मोजा, मुक्या पन. कोन कं करनार?”

दामूनानाचा चेहरा उजळला. बिनतोड होतं. ज्या सकाळी अकरा मुक्या चुलींना मत मिळालं, त्याच सकाळी एका चुलीच्या ‘नाय’ची किंमत संपली. मला त्यातली आणखी एक बारीक गोष्ट खुपली आणि अजून खुपते. एकमताची रीत सोडायची तर त्यालाही एकमत हवं, म्हणून चारी पंचांना विचारलं गेलं, आणि ते एकशे एक चुलींचं घेतलं. मुक्या चुली मोजायला त्यानंतर सुरुवात झाली. कुणालाही यात काही वावगं दिसलं नाही. हात वर झाले.

मग पाडा पाडा करत नावं पुकारली जाऊ लागली. खालपाडा झाला, मधला झाला, बेट झालं. टेकपाड्याच्या आधी कुणीतरी कमळाजीच्या कानाशी लागलं की कोनशिलेवर चारी पंचांची नावं कोरणार आहेत. कमळाजीनं हात वर केला, आणि त्याच्यामागे एकोणीसच्या एकोणीस. शेवटी मुक्या चुली. दामूनाना त्यांना त्यांच्या मेलेल्या नवऱ्याच्या नावानं पुकारत होता. मयत अमक्याची चूल. मयत तमक्याची. पहिल्यांदाच मत द्यायला उभ्या राहिलेल्या त्या बायका समोर बसलेल्या दिरांकडे बघत, पदर सारखा करत, हात वर करत होत्या. त्यांतल्या सहाजणी आईबरोबर त्याच खळ्यावर बोंबील घालायच्या. मला त्यांची कीव यायला हवी होती. मला फक्त राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

“मयत हरीची चूल,” दामूनाना म्हणाला. हरी म्हणजे माझा बाप.

आईचा हात मांडीवरच.

“मयत हरीची चूल!”

आई खांबाकडे बघून म्हणाली, “तो कसा बोलंल? तो मेला.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. दामूनाना घामाघूम झाला होता. मोजणी पुरी करायची तर तिला नावानं पुकारायला हवं होतं, आणि पुकारणं म्हणजे तिच्याशी बोलणं. न पुकारावं तर कमळाजी पुन्हा उठेल. मागून येसूकाकी शेळी-बिळी विसरून मोठ्यानं कुजबुजली, “हो बोल गो आनंदी, हो बोल आनि सुट!”

“आनंदी,” दामूनाना म्हणाला.

“हाय मी.”

“हॉलाला?”

“नाय.”

एकशे अकरा हात, आणि एक नाय. वाळीत टाकलेलं कुणी रीतसर उठवलं नाही. पंच स्वतःच तिच्याशी बोलून बसले होते, म्हणून ते आपोआप विरलं. दुसऱ्या दिवशी नळावर बायका आमच्याशी अशा बोलू लागल्या की जणू मध्ये काही झालंच नाही. एकीनं तर मला विचारलं, “बरेच दिवस दिसली नाय गो, बाय?”

खळ्यावर पाया खोदला गेला. हॉल झाला, कोनशिलेवर पुढाऱ्याचं नाव मोठं आणि पंचांची इतकी बारीक की कमळाजीला चष्मा लागला. बायका जवळा उलव्याच्या नव्या, अजून गाड्या सुरू न झालेल्या डांबरी रस्त्यावर घालू लागल्या. गाड्या सुरू झाल्या तशा कडेला सरकल्या. पनवेलच्या बाजारात आईची जुनी गिऱ्हाइकं जवळा चिमटीत धरून म्हणत, “मावशी, रेती लागते हो हल्ली.” ती दोनदा चाळायची, तरी लागायची. दोन वर्षांत धंदा निम्म्यावर आला, आणि माझं एम.कॉम. राहिलं. मी सुकापूरला एका ऑफिसात हिशेब लिहायला लागले.

आई मात्र हॉलातल्या एकाही बैठकीला चुकली नाही. बाकीच्या दहाजणी हळूहळू यायच्या थांबल्या, मुलं मोठी झाली, सुना आल्या. ही पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायची, आणि नाव पुकारलं की ‘नाय’ म्हणायची. हॉलला रंग लावायला, नाय. देवीच्या जेवणाला, नाय. पुढाऱ्याच्या सत्काराला, नाय. आधी लोक चिडले, मग हसले, मग सवय झाली. दामूनाना थकून हात न मोजताच म्हणायचा, “आनंदीचं नाय धरा, बाकी हो.” मला लाज वाटायची. एकदा विषय निघाला आमच्या गल्लीत नळ आणण्याचा. वरच्या नळावरून हंडे आणून तिचे गुडघे गेले होते. नळासाठी तिनंच येसूकाकीमार्फत शब्द टाकला होता. मी त्या दिवशी तिच्या शेजारी होते. दामूनानानं खुशीत तिच्याकडे पाहिलं.

“आनंदी, नलाला?”

“नाय.”

हॉलभर हात वर झाले, नळ मंजूर झाला. परत येताना मी रस्त्यात तिला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, तुझ्याच दारात येणाऱ्या नळाला तू नाही म्हणतेस, लोक काय म्हणतील, डोकं फिरलं म्हणतील.

“आला ना नल?” ती म्हणाली.

“आला. तुझ्या नाही म्हणण्याला कोण विचारतंय!”

“आला,” ती म्हणाली, “पन माजं नाय धरून आला.” आणि गुडघ्यावर हात ठेवून ती पायरी चढली.